रूळ पुसणार कोण?

गोटहिल्फ शेम्पच्या हातात रुळाचा तुकडा दिला की तो आधी चष्मा काढून खिशात ठेवतो. मग उजव्या अंगठ्याचं नख जोडावरून फिरवतो. नख अडलं तर तुकडा परत करतो, बोलत काहीच नाही. दुकानदाराला राग येतो, पण बोलणार काय? एक्केचाळीस वर्षं खऱ्या रेल्वेच्या रुळांवर काढलेला माणूस. गँगमन म्हणून लागला, मुकादम म्हणून निवृत्त झाला. आमच्या घाटातल्या लोहमार्गाचा एकेक स्लीपर त्याच्या ओळखीचा. आता वय चौऱ्याहत्तर, आणि रूळ आलेत टेबलावरच्या छोट्या रेल्वेचे, साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे.

किर्शनवायलर गावातल्या छोट्या रेल्वेवाल्यांच्या मंडळाची मी चिटणीस. लग्न होऊन या गावात आले त्याला एकोणतीस वर्षं झाली. मंडळात मला नवऱ्याने आणलं. तो दोन वर्षांत कंटाळून सायकलवाल्यांकडे गेला आणि मी अडकले ती अडकलेच, कारण इतिवृत्त लिहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मंडळात पहिल्या दिवसापासून सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात. माझ्याहून इतक्या मोठ्या माणसाला ‘अरे गोटहिल्फ’ म्हणायला माझी जीभ सहा महिने रेटत नव्हती. तो मला नावाने हाक मारत नाही. ‘चिटणीस’ म्हणतो, आणि तेही गरज पडली तरच.

आमच्या या भागात कौतुक करायची पद्धत नाही. बायकोने चार तास खपून रविवारचं जेवण केलं, की नवरा ताट पावाने पुसून खातो आणि म्हणतो, “नावं ठेवण्यासारखं काही नाही.” याच्या वरचा किताब आमच्याकडे नाही. बायकोही तेवढ्यावर आठवडाभर खूश असते. मी जन्माने इथली नसल्यामुळे मला थोडी सवलत आहे. तेव्हा गोटहिल्फबद्दल मी सरळ चांगलं लिहिणार आहे. त्याला कळलं तर तो महिनाभर माझ्याशी बोलणार नाही, पण एरवी तरी कुठे बोलतो?

बोलायचं खातं ऑयगेन हेफेलेकडे होतं. मंडळ काढलं त्यानेच. धंद्याने इलेक्ट्रिशियन, स्वभावाने फटाका. गावातल्या निम्म्या घरांच्या तारा त्याने ओढल्या आणि उरलेल्या निम्म्यांना नावं ठेवली. तो आणि गोटहिल्फ शाळेपासूनचे मित्र. साठ वर्षं ऑयगेन बोलत आला आणि गोटहिल्फ ऐकत आला. दोघांचं छान चाललं होतं.

ऑयगेनच्या बंडीच्या खिशात दहा फेनिगचं एक जुनं नाणं असायचं. ते चलन बंद होऊन जमाना झाला, पण त्या नाण्याचं काम चालूच होतं. मंडळात नवा रूळ टाकला की ऑयगेन यायचा आणि नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवायचा. नाण्याने दोन रूळ जोडले की शॉर्ट सर्किट होणार, आणि कंट्रोलच्या डब्याने ‘खट्’ करून वीज तोडायला हवी. तोडली तर वायरिंग पक्कं. नाही तोडली तर कुठे तरी तार बारीक आहे किंवा जोड ढिला आहे, आणि एक दिवस कुणाचं तरी लाडकं इंजिन वितळणार. ‘खट्’ ऐकू आलं नाही तर ऑयगेन अर्धा तास बोलायचा. त्यातलं मी इतिवृत्तात कधीच काही लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नसायचंच.

अठरा वर्षांपूर्वी मंडळ डिजिटल झालं, तेव्हाची गोष्ट सांगते. जुन्या पद्धतीत रुळातून नुसती वीज जायची. जोड काळवंडलेला असला तर गाडी जराशी अडखळायची आणि पुढे जायची. डिजिटलमध्ये विजेबरोबर हुकूमही रुळातूनच जातो: तीन नंबरच्या इंजिना, हळू हो; सात नंबरच्या, दिवा लाव. हुकूम पोचलाच नाही तर इंजिन करणार काय? पण आमचे लोक पडले काटकसरी. कंट्रोलचे डबे नवे घेतले, आणि रूळ मात्र प्रत्येकाने आपापल्या माळ्यावरून आणले, चाळीस चाळीस वर्षांचे, पितळेचे. “अजून चांगले आहेत की!” आमच्या गावात कुठलीही वस्तू टाकताना हे वाक्य म्हणतात, आणि मग ती वस्तू टाकत नाहीत. गोटहिल्फने नख फिरवलं आणि म्हणाला, “नाही.” कुणी ऐकलं नाही, ऑयगेननेसुद्धा.

नाताळाआधीचे चार रविवार आमच्याकडे महत्त्वाचे. त्यातल्या पहिल्या रविवारी मंडळ गावाला गाड्या दाखवतं. त्या वर्षी सगळं गाव जमलं आणि मालगाडी बोगद्यात शिरून तिथेच बसली. मग एक्स्प्रेस पुलावर बसली. एका चिमुरडीने ऑयगेनला विचारलं, “आजोबा, तुमच्या गाड्या झोपल्या का?” गोटहिल्फ कोपऱ्यात उभा होता. ‘मी सांगत होतो’ हे तीन शब्द त्याने तेव्हा उच्चारले नाहीत, आणि आजवर उच्चारले नाहीत. सोमवारी सकाळी स्क्रूड्रायव्हर घेऊन आला आणि एकशेचाळीस मीटर रूळ एकट्याने उखडले. माझ्याने हे झालं नसतं. मी आधी निदान एक तास बोलले असते. तेव्हापासून रुळांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा.

रूळ पुसायची पाळी ठेवली तीही त्यानेच. इथे भाड्याच्या घरांत जिना झाडायची पाळी असते. ज्याची पाळी, त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकते आणि आठवडा संपला की शेजाऱ्याच्या दारावर जाते. गोटहिल्फने तशीच पाटी बनवली: ‘या आठवड्यात रूळपुसणी’. दातांचा डॉक्टर असो नाहीतर खाटीक, पाटी दारावर आली की फडकं घेऊन हजर व्हायचं. ऑयगेन सर्वांत चांगला पुसायचा आणि पुसताना मागच्या आठवडेवाल्याचा उद्धार करायचा.

आणि मग गेल्या एप्रिलमध्ये ऑयगेनला पक्षाघाताचा झटका आला.

उजवा हात गेला, पाय फरफटायला लागला. चर्चमागच्या वृद्धाश्रमात त्याला खोली मिळाली. सगळ्यांत वाईट म्हणजे वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, प्रयत्न केला तर येईल. पण तो प्रयत्नच करीना. स्पीच थेरपिस्ट मुलगी घर, झाड, मांजर अशी चित्रं दाखवायची आणि हा भिंतीकडे बघायचा. ज्याच्या तोंडाला गाव भ्यायचं, त्या माणसाला ‘मांजर’ म्हणता येत नाही हे त्याला लोकांना दाखवायचं नव्हतं. जेवायलाही खोलीबाहेर यायचा नाही. वजन उतरलं. ती मुलगी एकदा आम्हाला जिन्यात म्हणाली, “यात नुसती वाट बघत बसता येत नाही. असेच सहा महिने गेले तर पुढे कठीण आहे. कधी कधी माणूस चिडला की शब्द सुटतात, पण हे तर चिडतही नाहीत.”

गोटहिल्फ दर गुरुवारी जायचा. लोणी लावलेला ब्रेत्सेल, म्हणजे खारट वेटोळा पाव, न्यायचा, अर्धा त्याला द्यायचा, अर्धा आपण खायचा. दोन मुके एक तास खिडकीबाहेर बघत बसायचे. मी एकदा बरोबर गेले होते. परत त्या खोलीत जायचं धाडस झालं नाही.

सप्टेंबरमध्ये वृद्धाश्रमाकडून मंडळाला पत्र आलं. त्यांच्या बैठकीच्या दालनात टेबलभर गाड्या मांडून हव्या होत्या, डिजिटल, रहिवाशांना स्वतः चालवता येतील अशा. रूळ कुठले टाकायचे, एवढाच प्रश्न होता. तुम्हाला वाटेल त्यात काय मोठंसं? पण आमच्यात दोन पंथ आहेत. दोन रुळवाले म्हणजे खऱ्या रेल्वेसारखे. तीन रुळवाल्यांचा तिसरा रूळ सहसा दिसत नाही. स्लीपरांच्या मधोमध बारीक टिकल्यांची रांग असते, इंजिनाच्या पोटाखालची पट्टी त्यांवरून घासत जाते आणि वीज घेते. दोन रुळवाले विचारतात, खऱ्या रेल्वेला टिकल्या असतात का? तीन रुळवाले विचारतात, खरी रेल्वे टेबलावर फिरते का? दोन्हींत रोटीव्यवहार आहे, बेटीव्यवहार नाही. आमचं मंडळ कट्टर दोन रुळवालं, आणि ऑयगेन आमचा पीठाधीश. ‘टिकल्या’ हा शब्द तो शिवीसारखा वापरायचा.

अध्यक्ष फोल्कमार दातांचा डॉक्टर आहे. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपण बोलायची त्याला सवय. त्याने सभेत लवचीक रुळाचा नमुना आणला होता. लाकडाचे वाटावेत असे स्लीपर, हाताने अंथरायची खडी, सुरेख. “ऑयगेनच्या डोळ्यांसमोर राहणार आहे ते,” तो म्हणाला. “त्याला शोभेल असंच हवं.”

गोटहिल्फने नमुन्यावरून नख फिरवलं. कुठेच अडलं नाही. “छान आहे,” म्हणाला. “नको.”

“मग काय हवं?”

त्याने पिशवीतून एक तुकडा काढून टेबलावर ठेवला. खालच्या प्लास्टिकच्या खडीसकट तयार मिळणारा, एकमेकांत दाबून बसवायचा. मध्ये टिकल्या.

सभेत गदारोळ झाला. कुणीतरी ओरडलं, “अरे, हे पोरांचं खेळणं आहे!” खाटीक म्हणाला, “गोटहिल्फ, तू आजारी आहेस का?” फोल्कमार तर उभाच राहिला. “खऱ्या रुळावर जन्म काढलेला माणूस तू, आणि तू हे आणतोस?”

“रूळ पुसणार कोण?” गोटहिल्फने विचारलं.

“म्हणजे?”

मग तो जे बोलला ते त्याच्या आयुष्यातलं सर्वांत लांब भाषण असावं. मी शब्दन् शब्द उतरवून घेतलं आहे.

“वरच्या गावात फाटक होतं. साहेबांनी तिथे रुळांच्या मध्ये रबरी लाद्या टाकायच्या ठरवल्या. फार भारी. मी विचारलं, साफ कोण करणार? बीटाच्या दिवसांत ट्रॅक्टर चिखल आणतात. साहेब म्हणाले, माणूस पाठवू. मी म्हटलं, लाकडाच्या फळ्या टाका, बाजूचा शेतकरी स्वतः उचलतो आणि स्वतः धुतो. रूळ निवडताना वरून काय जाणार ते सगळे बघतात. शेजारी कोण राहणार ते बघा. तिथे ओटिलिए राहते, अठ्ठ्याऐंशीची, हात कापतात. तिला तुझी खडी चिकटवता येईल? हे तिला दाबून बसवता येईल. गाडी वळवून परत आणायची तर दोन रुळांत उजवा रूळ डाव्याला जाऊन भिडतो, शॉर्ट होतं, वर आणखी यंत्र लावा. यात कसंही वळवा. पट्टी टिकल्यांवर घासत जाते, धूळ आपली आपण पुसते. आपण महिन्यातून एकदा जाणार. ते तिथे रोज आहेत.”

मग फोल्कमार हळूच म्हणाला, “आणि ऑयगेनला काय वाटेल? आयुष्यभर ज्याला शिव्या दिल्या, ते त्याच्या दारात नेऊन घालायचं? त्याला उलट बोलताही येत नाही आता. गोटहिल्फ, ही मैत्री झाली?”

गोटहिल्फचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हा उठून जाईल. पण त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, “रुळांचं खातं माझं आहे. तरी मत घ्या.” नऊ विरुद्ध आठ. नववं मत माझं होतं. मला टिकल्यांशी देणंघेणं नाही, मला ओटिलिएचे हात दिसत होते.

सबंध ऑक्टोबर त्याने त्या दालनात काढला. ओटिलिएला शेजारी बसवून घेतलं. ती तुकडा तुकड्यात दाबायची, ‘टक्’ वाजलं की त्याच्याकडे विजयी मुद्रेने बघायची. तिचं बघून आणखी चारजण आले. “मुकादम, माझा जोड तपास!” म्हणून एकेकजण त्याच्यापुढे तुकडा धरायचा. हा नख फिरवायचा, आणि अडलं नाही तर म्हणायचा, “नावं ठेवण्यासारखं काही नाही.” मग ते म्हातारे दिवसभर ताठ मानेने फिरायचे.

ऑयगेन आला नाही. गोटहिल्फने एका गुरुवारी टिकल्यांचा एक तुकडा नेला आणि ब्रेत्सेलशेजारी त्याच्या खिडकीत ठेवून दिला. ऑयगेनने तो पाहिला आणि त्याच्याकडे पाठ केली. पुढच्या गुरुवारी त्याने ब्रेत्सेलचा अर्धा भाग घेतला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी दार आतून बंद होतं. गोटहिल्फ तासभर बाहेर पॅसेजमध्ये बसून आला. मला हे परिचारिकेने सांगितलं. मी त्याच्यावर चिडले. म्हटलं, “गोटहिल्फ, मतं घेतलीस, जिंकलास, आता त्याच्या जखमेवर मीठ कशाला चोळतोस?”

“चोळू दे,” तो म्हणाला. “चिटणीस, रविवारपर्यंत थांब.”

नाताळाआधीचा तो पहिला रविवार उजाडला. दुपारी तीनला दालन भरलं. सुक्या नासपतीचा पाव कापलेला, कॉफीचा वास, ओटिलिए नव्या ब्लाउजमध्ये कंट्रोलचं बटण धरून. दोन गाड्या फिरत होत्या. आणि दारात ऑयगेन उभा राहिला. काठी टेकत, मागे परिचारिका. लोकांनी आपोआप वाट करून दिली. तो टेबलापाशी आला, रुळाकडे पाहिलं, टिकल्यांकडे पाहिलं. ओठ वाकडा झाला. काठी परिचारिकेकडे दिली आणि डावा हात बंडीच्या खिशात घातला.

नाणं होतं. त्याने ते दोन्ही रुळांवर आडवं ठेवलं.

‘खट्’ झालं नाही. डब्यावरचा हिरवा दिवा तसाच. गाडी पलीकडून वळण घेऊन नाण्याच्या दिशेने यायला लागली. ओटिलिएने बटण फिरवलं आणि गाडी वीतभर अंतरावर अलगद थांबली. ऑयगेनचा चेहरा लाल झाला.

“भि… भिकार!”



“काय भिकार?” गोटहिल्फ म्हणाला.

“वा… वायर! नाणं ठेवलं. बंद… बंद नाही झालं! आग… आग लागेल. म्हाताऱ्यांना जाळशील, गाढवा!”

फोल्कमारने तोंड उघडलं, “ऑयगेन, अरे, तीन रुळांच्यात नाणं आडवं ठेवलं तर…” गोटहिल्फने आपला लोखंडी टोकाचा जुना बूट त्याच्या पायावर ठेवला. डॉक्टरचं तोंड उघडंच राहिलं.

“वायर मी लावली आहे,” गोटहिल्फ म्हणाला. “तुझ्यापेक्षा चांगली.”

“तू? तुला ला… लाल-काळी कळत नाही! शाळेत… शाळेत पण घंटा… घंटा मीच दुरुस्त…”

“घंटा बिघडवली पण तूच होतीस.”

“खो… खोटारडा!”

शब्द अडखळत होते, तुटत होते, पण येत होते. परिचारिकेने तोंडावर हात धरला होता. मी रडत होते, हे सांगायला मला लाज नाही. आणि मध्येच ऑयगेन थांबला. त्याची नजर टिकल्यांवर गेली. इलेक्ट्रिशियनच तो. तीन रुळांच्या गाडीत दोन्ही बाजूंचे रूळ एकाच तारेचे असतात, त्यांना कितीही जोडा, शॉर्ट होत नाही. पन्नास वर्षांच्या सवयीने बोटं चुकली होती. त्याने नाणं उचललं, उभं धरलं, एक कड रुळाला आणि दुसरी टिकलीला टेकवली.

खट्. डब्यावरचा दिवा गेला, दुसरी गाडीही जागच्या जागी थांबली.

ऑयगेनने गोटहिल्फकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. “टिकल्या,” तो म्हणाला.

“पुसायला सोप्या आहेत,” गोटहिल्फ म्हणाला, आणि पाव आणायला गेला.

मी त्याला पॅसेजमध्ये गाठलं. भिंतीला टेकून उभा होता. “तो नाणं आडवं ठेवणार हे तुला माहीत होतं?”

“बोटांची खात्री होती,” तो म्हणाला. “तोंडाची नव्हती.” मग भिंत सोडून सरळ उभा राहत म्हणाला, “आला नसता तर मी त्याला गमावलाच होता, चिटणीस. पण रूळ बरोबर होते. तो नसता तरी मी हेच टाकले असते.”

त्यानंतरच्या गुरुवारी मी इतिवृत्तावर गोटहिल्फची सही घ्यायला वृद्धाश्रमात गेले. ऑयगेनच्या दारावर लाकडी पाटी लटकत होती: ‘या आठवड्यात रूळपुसणी’. दाराबाहेर खुर्चीवर थेरपिस्ट मुलगी बसली होती, चित्रं मांडीवर घेऊन. “पाऊण तास झाला,” ती म्हणाली, “मला आत घेत नाहीत.” आतून ऑयगेनचा आवाज येत होता, अडखळत, थांबत, पुन्हा उसळत. मी दार ढकललं. गोटहिल्फ खिडकीपाशी बसला होता, अर्धा ब्रेत्सेल हातात, चष्मा खिशात. ऑयगेनच्या हातात काळं झालेलं फडकं होतं.

“चिटणीस!” ऑयगेन म्हणाला. “लि… लिही. या रुळाला… नावं ठेवण्यासारखं…” श्वास घेतला, मान हलवली, पुन्हा सुरुवात केली. “नावं ठेवण्यासारखं… पु… पुष्कळ आहे!”

गोटहिल्फने खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

“मग उद्याही येतो,” तो म्हणाला.